पडीकच म्हणा

आमच्या घरात उभ्या पिकाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. मळ्यात झेंडू असा फुललेला असतो की रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवाला मान वळवून बघतो. तोच माणूस थांबून म्हणाला, “काय आबा, यंदा जोरात आहे की,” तर माझे सासरे कपाळाला आठ्या घालून सांगणार, “कसलं काय. करप्यानं खाल्लं सगळं.” करपा रोग वगैरे काही नसतो. ती बोलायची पद्धत आहे. पिकाला लोकांची नजर लागते, आणि त्याहून वाईट लागते ती मालकाची स्वतःची जीभ, असं आबांचं पक्कं मत.

मी नाशिकरोडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले. आमच्याकडे कुंडीत एक गुलाब उमलला तरी चार घरी सांगून यायची रीत होती. लग्न होऊन मळ्यात आले, त्या पहिल्या हिवाळ्यात घरी आलेल्या एका मावशींना मी कौतुकाने म्हणाले, “बघितलीत का शेवंती, किती सुंदर आलीय.” सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, मोहरी-मीठ मुठीत घेतलं आणि बांधावर जाऊन मळ्याची दृष्ट काढून आल्या. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकी ती शांतता वाईट होती. तेव्हापासून मीही शिकले. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मळ्याच्या कोपऱ्यात त्या टांगायच्या तसं काळं मडकं अजून असतं. फुटलं की आम्ही नवं टांगतो.

ह्या भीतीला कारण आहे. आबा लहान असताना त्यांच्या वडिलांनी लासलगावहून आलेल्या एका व्यापाऱ्याला बांधावर उभं करून कांदा दाखवला होता, आणि असा कांदा पंचक्रोशीत कुणाचा नाही असं छाती पुढे काढून सांगितलं होतं. त्याच आठवड्यात गारा पडल्या. मी एकदा म्हणाले होते की गारा सगळ्यांच्याच शेतात पडल्या असतील ना, आबा. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “पडल्या. पर बोलला कोण व्हता?” झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला.

आमच्या बांधाला लागून पलीकडे काकूंचा तुकडा आहे. काकू म्हणजे भावकीतल्या, आबांच्या चुलतभावाची बायको. विधवा, मुलं मुंबईकडे, आणि स्वतः एकट्या मेथी-कोथिंबीर करून बाजारात विकायला बसणाऱ्या. बोलण्यात त्या आबांच्याही वरताण. त्यांची मेथी गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे वळू देत नाही, पण त्यांना विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांत त्यांना एक चांगली जुडी मिळालेली नाही.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे जे झालं ते ह्या एका सवयीतून झालं.

मे महिन्याचे दिवस होते. झेंडू, टोमॅटो सगळं निघून गेलं होतं आणि मळा नांगरून उन्हात तापत ठेवला होता. असा तापलेला मळा बाहेरच्याला उजाड दिसतो. विहिरीजवळ सावलीच्या नेटखाली थोडी कोथिंबीर होती, ती रस्त्यावरून दिसत नाही. एक पांढरी जीप आली, त्यातून एक तरुण आणि एक तरुणी उतरली, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. महापालिकेने नेमलेल्या कुठल्याशा कंपनीसाठी जमिनींचं सर्वेक्षण करतोय म्हणाले. मुलं सभ्य होती. मी त्यांना पाणी दिलं. मुलीने आबांना विचारलं, “आजोबा, या जमिनीत काय घेता?”

“कसलं काय,” आबा म्हणाले. “काय येत नाय हितं.”

“म्हणजे पडीक आहे?”

“पडीकच म्हणा.”

“विहिरीला पाणी आहे का?”

“लय खाली गेलंय. नाय धरल्यातच जमा.”

आमच्या विहिरीला पाट जवळ आहे. धरणाचं आवर्तन सुटलं की विहिरीत पाझर येतो, आणि ऐन मेमध्येही मोटर बिनघोर चालते. पण आबांचं ते उत्तर मला तेव्हा खटकलंही नाही. परक्या माणसाला आपल्या विहिरीचं पाणी कोण सांगतं? मुलीने टॅबवर बोट फिरवलं, आभार मानले आणि दोघं काकूंच्या बांधाकडे गेली. काकूंचा आवाज इकडे ऐकू आला, “अगं बाई, नुसता खडक हाय गं ह्यो.” आबा गालात हसले. वहिनीला चांगलं जमतं, असं त्यांना वाटलं असावं.

पाऊस आला, झेंडू लावला, शेवंतीची रोपं लावली, गणपती झाले. आणि एके दिवशी नवऱ्याच्या मोबाइलवर गावच्या ग्रुपमधून एक नकाशा आला.

शहरात खूप दिवस चर्चा चालली होती ती आता कागदावर आली होती. शहराला आणि आसपासच्या गावांना जोडणारी नवी वाहतूक हवी, ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. कशी हवी, ह्यावर नव्हतं. काही नगरसेवकांना खांबांवरून धावणारी गाडी हवी होती. काहींचं म्हणणं, खांब कशाला, स्वतंत्र मार्गिका करून मोठ्या बस सोडा, त्या सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकपर्यंत नेता येतील. दोन्ही पर्याय महापालिकेपुढे होते. दोन्हींना शहराच्या कडेला एक मोठा डेपो लागणार होता, आणि थांब्यांच्या आसपासच्या जमिनींचे नियमही बदलणार होते. आज जिथे ग्रीन झोन म्हणून फक्त शेती करता येते, तिथे येलो झोन होऊन इमारती उठणार होत्या. गावात निम्मे लोक ह्या बातमीने खूश होते. त्यांचा मळा येलो होणार होता.

डेपोच्या जागांसाठी नकाशात तीन ठिपके होते. मोबाइलवर तो नकाशा कितीही मोठा केला तरी धुरकट व्हायचा. नवऱ्याने दोन बोटांनी तो ताणला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आपल्या गटावर आरक्षण पडलंय बहुतेक.”

आरक्षण पडणं म्हणजे काय, हे आमच्या भागात लहान मुलालाही माहीत आहे. तुमच्या जमिनीवर तुमचं नाव राहतं, पण तिच्यावर पुढे काय व्हायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं. मोबदला मिळतो, नाही असं नाही. पण आमचं घर मळ्यातच आहे. नवऱ्याला पन्नाशीनंतर दुसरं काही करता येणार नाही. आणि आबा? आबांना फ्लॅटच्या गॅलरीत बसवून बघायचा मी मनात प्रयत्न केला. जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विभागीय कार्यालयात गेलो. तिथे मोठा नकाशा लावला होता. त्याच्यासमोर माणसं दाटून उभी होती आणि प्रत्येकाचं बोट आपापला गट नंबर शोधत होतं. बोट थांबलं की माणूस गप्पच मागे सरायचा आणि दुसरा पुढे यायचा. आमचं बोट करड्या चौकोनावर थांबलं. मला तो चौकोन आमच्या मळ्यापेक्षा मोठा वाटला, पण तो तेवढाच होता. पाट, बांध, विहीर, सगळं त्याच्या आत.

टेबलामागे बसलेल्या साहेबांना नवऱ्याने विचारलं, हीच जागा का. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने संगणकात बघितलं आणि आम्हाला दिलासा द्यावा अशा सुरात म्हणाला, “घाबरू नका. आम्ही पिकाऊ जमिनी मुद्दाम टाळल्यात, तसा ठरावच आहे. ही तर पडीक आहे ना? पाणीही नाही. सर्वेक्षणात तुमच्याकडूनच तसं आलंय.”

हात दाखवून अवलक्षण, ते हे. मला एकदम राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. शेती वाचवायला केलेल्या नियमानेच आमची शेती शोधून काढली होती. रिक्षात बसल्यावर नवरा म्हणाला, “आबांना सांगू नकोस.”

न सांगून काय होणार होतं? गावात टपरी आहे, आणि टपरीवर आबा रोज जातात. संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर परतले. चप्पल काढून ओट्यावर बसले. मी चहा आणला तर म्हणाले, “माझ्यामुळं झालं का गं?” मी नाही म्हणाले. त्यांनी कप हातात धरला, चहा प्यायले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “मी दुसरं काय सांगणार व्हतो?”

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते वाईट. मी मुळात भित्री आहे. घरी कुणाला यायला उशीर झाला की मी फाटकाशी उभी राहणारी बाई. आता तर मला सगळ्याचंच भय वाटू लागलं. रस्त्याला गाडी थांबली की मी ओट्यावर येऊन बघायचे. पहाटे फुलं तोडायला जायचो तेव्हा हात झेंडूत आणि मन भलतीकडे. पुढच्या वर्षी इथे झेंडू असेल का, ही विहीर बुजवतील की तिच्यावर जाळी टाकतील, असले विचार. एकदा तोडता तोडता मी उभी राहिले आणि डेपो कसा दिसेल ते डोळ्यांपुढे आणलं. पत्र्याची उंच शेड, डिझेलचा नाहीतर बॅटरीचा वास, रात्रंदिवस दिवे. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी घाईने पुन्हा खाली वाकले.

आणि सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे मला ती बस हवी होती. माझी आई अजून नाशिकरोडला राहते, तिचे गुडघे गेलेत. तिच्याकडे जायचं तर दोन रिक्षा बदलायच्या, मधे ताटकळायचं, परत येताना अंधार पडला की रिक्षावाले मळ्यापर्यंत यायला कां-कूं करतात. इथून थेट नाशिकरोडला जाणारी बस म्हणजे माझ्यासाठी देवच पावला असता. मी वर्षानुवर्षं तीच मागत होते. ती येत होती आणि तिला उभं राहायला आमचाच मळा हवा होता. हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला बोलले असते तर तो म्हणाला असता, भीक नको पण कुत्रं आवर.

आम्ही हरकत घेतली. तिच्यासोबत जोडायला फुलबाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या होत्या, मोटरचं वीजबिल होतं. पण सुनावणीची वेळ कळवायला आलेल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, सातबारा आजोबांच्या नावावर आहे, आधीचा जबाबही त्यांचाच आहे, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन समितीपुढे सांगितलेलं बरं. जमीन पिकते, पाणी आहे, एवढंच सांगायचं. बाकी आम्ही स्थळपाहणी करू.

एवढंच. मी ओट्यावर आबांसमोर बसले आणि लहान मुलाकडून पाढे म्हणून घ्यावेत तशी सुरुवात केली.

“म्हणा आबा, जमीन चांगली आहे.”

“बरी हाय,” आबा म्हणाले.

“बरी नाही. चांगली.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “तसं वाईट नाय.”

“आबा, विहिरीला पाणी आहे का?”

“असतंय थोडंफार.”

मला हसू यायला हवं होतं. शेजारी नवरा बसला होता, त्याच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही. तो उठून मळ्यात निघून गेला. आबा त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “समद्या गावासमोर सांगायचं. त्यात कुणाची नजर कशी असती, कुणाला माहीत. जमीन ऱ्हाईल, पर तिच्यात काय ऱ्हाईल?” मला तेव्हा उमगलं की आम्ही दोघं भ्यायलोय खरे, पण एकाच गोष्टीला नाही. मला मळा जाण्याची भीती होती. त्यांना तो आपल्या तोंडाने मारण्याची.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. आमच्या पाटावरचे सगळे मळेवाले आले होते, काकूही आल्या होत्या. त्यांच्या तुकड्यावर आरक्षण नव्हतं, पण आबा बोलणार म्हटल्यावर त्या घरी बसणार नव्हत्या. आधी वाहतुकीवरच बराच वेळ गेला. एक नगरसेवक म्हणाले, खांबांचा खर्च शहराला झेपणार नाही. दुसरे म्हणाले, बसला वेगळी मार्गिका द्यायला आपले रस्ते आहेत कुठे. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही गाडीचं भांडताय, पण थांब्याभोवती ग्रीनचं येलो झालं की भाजी कुठून येणार ह्याचा विचार कुणी केलाय. मला त्यांचं पटलं. मग ज्यांनी बसबद्दल सांगितलं त्यांचंही पटलं. भीती वाटत असली की माणसाला समोरच्या प्रत्येकाचं पटतं.

आबांचं नाव पुकारलं. ते उठले, मी कोपराला धरून त्यांना माइकपर्यंत नेलं. त्यांनी टोपी सारखी केली. अध्यक्षांनी आदराने विचारलं, “बाबा, तुमची जमीन पडीक आहे का?”

आबांच्या तोंडून निघालं, “कसलं काय.”

मागून हशा आला. आमचेच लोक हसले, कारण त्यांना कळलं. अध्यक्षांना कळलं नाही. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे बघितलं, अधिकारी लिहायला लागला. मी आबांच्या कोपरावरचा हात घट्ट केला. सगळं गेलं, असंच मला वाटलं, आणि डोळ्यांपुढे तो करडा चौकोन आला.

आबा मागे वळले नाहीत. माइककडे वाकले, आणि एखादी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, “पिकती.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं.

“लय पिकती,” ते म्हणाले. “झेंडू ठेवायला जागा नसती. शेवंती माझ्या कमरेला लागती. हिरीला पाणी आटत नाय, बापाच्या काळापासून आटलेलं नाय. म्या खोटं सांगितलं व्हतं त्या पोरीला. तिचा दोष नाय.” ते थांबतील असं मला वाटलं, पण आयुष्यभर न बोललेलं एकदा सुटल्यावर थांबेना. कोथिंबिरीचा वास रस्त्यावर कसा येतो, फ्लॉवरचा गड्डा कसा भरतो, माती पायाला कशी लागते, सगळं सांगितलं. मळेवाल्यांपैकी एकही मान वर करत नव्हता. मी आजूबाजूला बघितलं, तितक्या माणसांसमोर आमचा मळा उघडा पडला होता. आणि मी, रेल्वे क्वार्टरमधली, असल्या गोष्टींना मनातून नाकं मुरडत आलेली, मी महापालिकेच्या सभागृहात दोन्ही हात कानशिलावर नेऊन कडाकडा बोटं मोडली. कुणी बघितलं असेल तर बघितलं.

घरी पोचल्यावर आबा काळ्या मडक्याजवळ जाऊन उभे राहिले.

स्थळपाहणीला एक इंजिनिअर बाई आल्या, सोबत तीच सर्वेक्षणवाली मुलगी. दिवाळीच्या तोंडावरचा मळा होता. झेंडू, शेवंती, टोमॅटोला बांधलेल्या तारा. बाई विहिरीत डोकावल्या, मोटर चालू करून बघितली. आबांनी विचारलं तेवढ्याला खरं उत्तर दिलं, दर वेळी मडक्याकडे एक नजर टाकून. मुलगी हसून म्हणाली, “आजोबा, तेव्हाच सांगितलं असतंत तर.” बाईंनी टॅबवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, ही जागा बहुधा यादीतून निघेल. अंतिम ते समितीच ठरवेल, पण इथे डेपो करणं नियमात बसत नाही.

तेव्हा पहिल्यांदा मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात बाईंनी बांधापलीकडे बोट केलं. “आणि तो तुकडा? तोही पडीक नोंदलाय. रस्त्याला लागून आहे, डेपोसाठी बघता येईल.”

काकूंनी नुकतीच मेथी टाकली होती. बी अजून उगवलं नव्हतं, म्हणून नुसती काळी माती दिसत होती. काकू बांधावरच होत्या, आमची पाहणी बघायला आलेल्या. बाईंनी त्यांना विचारलं, “मावशी, काही येतं का इथे?”

मला पुढचं ऐकू येण्याआधीच कळलं होतं. नवऱ्यालाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“कसलं काय, बाई,” काकू म्हणाल्या. “बी टाकलंय, पर उगवायचं नाय. नुसता खडक हाय.”

काकू सभागृहात होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. माहीत नव्हतं असं नाही. पण जीभ वळलीच नाही त्यांची. बाईंनी मान डोलावली आणि टॅब उचलला. मी काही बोलायच्या आत आबा बांधावर गेले. स्वतःच्या पिकाला चांगलं म्हणणं वाईटच, पण दुसऱ्याच्या पिकाला म्हणणं म्हणजे त्याहून मोठा गुन्हा. असं करणाऱ्या माणसाला लोक मळ्यात पाऊल ठेवू देत नाहीत. हे सगळं आबांनीच मला शिकवलं होतं.

“खोटं बोलती ती,” आबा म्हणाले. “लिवा बाई. तिच्यावानी मेथी ह्या पाटावर कुणाची नाय. आठवड्यात हिरवंगार होईल हे समदं. जुडी हातात मावत नाय तिची. माझ्याहून जमीन चांगली हाय तिची. पयल्यापासून.”

काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या, भर रस्त्यात अंगावर गाडी यावी तशा. “भाऊजी,” एवढंच म्हणाल्या. इंजिनिअर बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. पहिली नोंद खोडून त्यांनी दुसरी केली, आणि पुन्हा एकदा येऊन बघू म्हणाल्या.

जीप गेल्यावर काकू खाली वाकल्या. आबा जिथे उभे होते तिथली, त्यांच्या पावलाखालची माती त्यांनी चिमटीत उचलली, पदरात बांधली आणि निघून गेल्या. संध्याकाळी त्यांच्या तुकड्याच्या कडेला मीठ, मोहरी आणि मिरच्यांचा धूर झाला. ती माती त्या धुरात होती. ज्याची नजर लागली त्याच्या पायाची माती जाळतात. आबा ओट्यावर बसून तो ठसका घेत राहिले. मी आत चला म्हणाले तर आले नाहीत.

त्यानंतर काकू आमच्याशी बोलत नव्हत्या. बाजाराला जाताना आमच्या फाटकावरून न जाता पाटाच्या बाजूने लांबचा वळसा घालायच्या. आणि आबांनी पलीकडे बघणं सोडलं. विहिरीवर जाताना त्या तुकड्याकडे पाठ करून, तिरके तिरके चालत जायचे. ओट्यावरची आपली रोजची जागाही बदलली, तोंड घराकडे करून बसायला लागले. मला आधी वाटलं, काकूंचा राग बघवत नसेल. मग लक्षात आलं की त्यांना आपल्याच डोळ्यांची धास्ती बसली होती. जमिनीतलं बी आपण बघितलं तर उगवणार नाही, ही.

आता भीती घरात नव्या जागी जाऊन बसली होती. आमची जागा यादीतून निघाल्याचं अजून लेखी आलेलं नाही. खांब की बस, तेही ठरलेलं नाही. पुढची सभा पुढे ढकलली आहे. पण त्या आठवड्यात आम्ही त्यातलं काहीच बोलत नव्हतो. मेथी उगवली नाही तर इंजिनिअर बाई परत येतील तेव्हा त्यांना काळी मातीच दिसेल आणि नोंद पुन्हा पहिल्यासारखी होईल, ही नवऱ्याची भीती. मेथी उगवली नाही तर आबा ते कसं सोसतील, ही माझी. बाजारातून आणलेलं बी कधी कधी फसतं, ते मला माहीत होतं. आबांना ते पटवता आलं नसतं. गारा सगळ्यांच्याच शेतात पडतात हे तरी कुठे पटलं होतं?

एका सकाळी फुलांची क्रेट रिक्षात चढवून मी परत येत होते. आबा ओट्यावर, तोंड घराकडे. मी जवळ आल्यावर त्यांनी न वळताच विचारलं, “पलीकडं काय दिसतंय का?”

मी बांधाकडे बघितलं. सगळा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत कोवळ्या हिरव्या पानांनी भरला होता. इतकी एकसारखी, इतकी दाट मेथी उगवलेली मी काकूंच्याही शेतात कधी बघितली नव्हती. काकू मधोमध उकिडव्या बसल्या होत्या आणि पानांवरून हात फिरवत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पटकन नजर काढून घेतली.

“कसलं काय, आबा,” मी म्हणाले.

त्यांचे ताठलेले खांदे सैल झाले. मग, पाठ तिकडेच ठेवून, त्यांनी चहा मागितला.